ग्रेडरच्या घरचं वाळूक

कापसाच्या ग्रेडरला देव दोन बोटं तेवढी हुशार देतो आणि बाकीचा माणूस घाईघाईत उरकतो, असं आमच्या मंजुषाचं मत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं हे मत बदललेलं नाही आणि तिनं ते बदलावं असं मीही काही केलेलं नाही.

मी श्रीकृष्ण. यवतमाळच्या एका कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. शेतकऱ्याची गाडी केंद्रावर आली की कापसात कोपरापर्यंत हात खुपसायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, दोन बोटांत धागा ओढून पाहायचा, ओल बघायची, पालापाचोळा बघायचा आणि दर्जा सांगायचा. सुपर, फेअर, नाहीतर कवडी. माझ्या तोंडून एक शब्द निघाला की समोरच्याचं वर्ष ठरायचं. एवढा अधिकार हातात आला की माणूस बिघडतो. काही जण पैसे खाऊन बिघडतात, मी पैसे न खाता बिघडलो. मला सगळ्या जगाला दर्जा द्यायची सवय लागली. साडूच्या घरचा चहा फेअर. शेजाऱ्याच्या मुलीचं गाणं कवडी. आमचा मुलगा साकेत पुण्याला नोकरीसाठी गेला की माझ्यापासून लांब राहायला गेला, हे मंजुषाला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही.

सगळ्यात जास्त दर्जे मी भाजीला द्यायचो. हातात पिशवी, कपाळाला आठी, अशा थाटात मी बाजारात शिरलो की भाजीवाले एकमेकांना खुणा करायचे. मला तो आदर वाटायचा. मी वांग्याचा देठ वाकवायचो, भेंडीचं टोक मोडायचो, मुळ्याचा वास घ्यायचो, आणि शेवटी 'ठीक आहे, फेअर,' असं म्हणून पिशवी पुढे करायचो.

त्या वर्षांत बाजाराची तऱ्हाच निराळी झाली होती. बीटीचं बियाणं आलं आणि ज्याला त्याला कापूसच पेरायचा होता. विहिरीजवळचा वांग्यामिरच्यांचा तुकडाही कापसाखाली गेला. पुढे कापसाचा भाव बसला आणि त्यावर बोलायला मुंबई-दिल्लीच्या टीव्हीवाल्यांच्या गाड्या जिल्ह्यात धूळ उडवत फिरू लागल्या. भाजी कुठून यायची? नागपूरहून ट्रकनं. पण रात्रभर ट्रकमध्ये झोपून आलेली भाजी यवतमाळच्या बाजारात पोत्यावर मांडली की तिथल्या तिथे गावरान होऊन जायची. गावरान टमाटे, गावरान शिमला मिरची. एकानं तर फुलकोबीसुद्धा गावरान म्हणून विकली. ती विकत घेणारा मीच.

ऑफिसात मात्र माझी ख्याती होती की अस्सल गावरान भाजी शोधावी ती ग्रेडर साहेबांनीच. ही ख्याती मीच पसरवली होती. डब्यात कधी अंबाडीची भाजी निघायची, कधी बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, कोवळ्या शेंगा, थंडीत तुरीचे हिरवे सोले. सगळे विचारायचे, हे मिळतं कुठं? मी बोटं वर करून म्हणायचो, "बाजारात सगळं आहे हो, पारख पाहिजे." खरं तर बाजारातून मी अंबाडी कधी आणली हे मला आठवत नसे. पण डब्यात आहे म्हणजे आणली असणार, एवढा माझा स्वतःवर विश्वास.

आणखी एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. शेतात जे पहिलंवहिलं निघतं त्यातलं थोडं ओळखीच्या घरी नेऊन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्याला वानोळा म्हणतात. मूठभर शेंगा असोत की पायलीभर गहू, त्यात हिशेब नसतो. पण ग्रेडरच्या घरी आला की वानोळ्याची लाच होते, असं माझं ठाम मत. आज शेंगा खाल्ल्या की उद्या ओला कापूस कोरडा दिसायला लागतो. म्हणून मी दाराशेजारी पाटीच रंगवून घेतली होती: 'येथे वानोळा स्वीकारला जात नाही.' पाटी रंगवणारा पेंटर जाताना ओट्यावर घरची चार लिंबं ठेवून गेला, तर मी त्याच्या मागे चौकापर्यंत धावलो आणि लिंबं त्याच्या खिशात कोंबून परत आलो. दम लागला होता, पण मन प्रसन्न होतं.

अशा या प्रसन्न घरात भाद्रपदात मंजुषाला टायफॉइड झाला.

ताप गेला, पण भूक परत आली नाही. वरण नको, भात नको, मुगाची खिचडी समोर धरली की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. तोंडाला चवच नाही म्हणायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. पदर खांद्यावर ठरेना. डॉक्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताप उतरलाय, आता औषध म्हणजे जेवण. या आठवड्यात अन्न पोटात गेलं नाही तर भरती करावं लागेल. आणि सलाईनवर माणूस किती दिवस काढणार?"

मी घाबरलो. कापसाच्या शंभर गाड्या रांगेत उभ्या असताना न घाबरलेला माणूस मी, पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मला बसावं लागलं. मंजुषा नसलेलं घर मला डोळ्यांपुढे आणताच येईना.

घाबरलेला माणूस सेवा फार करतो. खरेदी दिवाळीनंतर सुरू होणार होती, तेव्हा मी सरळ रजा टाकली आणि चोवीस तास घरी बसलो. खिचडी मीच करायचो. तिच्यात मीठ दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही. मंजुषा क्षीण आवाजात म्हणायची, "अहो, तुम्ही ऑफिसात जा ना जरा."

"तुला अशी सोडून? शक्य नाही!"

"निदान दुपारी तरी बाहेर पडून या. पाय मोकळे होतील."

"माझे पाय मोकळेच आहेत," असं म्हणून मी तिचे पाय चेपायला बसायचो. ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं, बरं वाटतंय तिला.

तिला झोप लागली की मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. तिथून समोरचं दारही दिसायचं आणि बाजूच्या बोळातून मागच्या अंगणात जाणारी वाटही. एकदा दुपारी दोन बाया पिशव्या घेऊन बोळात शिरताना दिसल्या. मी गरजलो, "कोण पाहिजे? पाटी वाचता येत नाही का?" बिचाऱ्या अशा पळाल्या की एकीची चप्पल तिथेच राहिली. ती मी कुंपणावर अडकवून ठेवली. आजारी बायको घरात असतानाही आपण तत्त्व सोडलं नाही, याचं मला बरं वाटलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मंजुषालाच विचारलं, "काय खावंसं वाटतं ते सांगा. काहीही सांगा."

माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "वाळूक."

"एवढंच?" मी खुर्चीतून उठलोच. "तासाभरात आणतो."

ज्यांना वाळूक माहीत नाही त्यांना काकडी म्हणून सांगितलं की समजल्यासारखं वाटतं, पण ते काही खरं नाही. वाळूक आखूड, जाडसर, पिवळट अंगाचं. ते बागेत लावत नाहीत. कापूस पेरताना घरची बाई पदरातल्या चार बिया मधेच कुठंतरी टाकते. वाळकाच्या, बरबटीच्या, अंबाडीच्या. कापूस वाढतो आणि त्याच्या सावलीत हा संसारही गुपचूप वाढतो. वाळूक पिकायला आलं की त्याचा वास घरभर होतो. मीठ-तिखट लावून खाल्लं की तापानं मेलेली जीभसुद्धा जागी होते म्हणतात. आश्विन म्हणजे त्याचा ऐन मोसम.

बाजारात गेलो, तर सगळीकडे नागपूरच्या लांबलचक हिरव्या काकड्या. एका भाजीवालीला म्हणालो, "वाळूक आहे का?"

"हेच वाळूक हाय ना साहेब. गावरान."

"मी ग्रेडर आहे, बाई."

"मंग तुमाले तं समजतेच," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढे मेन रोडवर पियूष नावाच्या एका तरुणानं नवं भाजीचं दुकान काढलं होतं. काचेचं दार, आत थंडगार, आणि बाहेर फलक: 'ताजी, स्थानिक, मोसमी भाजी.' मला तो फलक फार आवडला. आत भेंड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून झोपवल्या होत्या. मी विचारलं, "स्थानिक म्हणजे कुठली हो?"

"लोकलच आहे काका. नागपूरची. बंगलोरची वेगळी ठेवली आहे."

"वाळूक?"

त्यानं फ्रीजमधून एक जाड, फिकट काकडी काढून दिली. मी तिचा देठ पाहिला, साल नखानं खरवडली, कानाशी धरून टिचकी मारली. कानाशी का धरली ते मला आजही सांगता येणार नाही. पण पियूष आदरानं पाहत होता, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं. "सुपर," मी म्हणालो.

घरी येऊन मी ती कापली, मीठ-तिखट लावलं आणि बशी मंजुषापुढे धरली. तिनं फोड उचलली. नाकाशी नेली. परत बशीत ठेवली आणि माझा हात थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा.

"काकडी आहे हो ही."

मला रडू आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन काकडीच्या सगळ्या फोडी उभ्याउभ्या एकट्यानं खाल्ल्या. चांगली होती, पण वाळूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुल गनी आला. हा आमच्या केंद्रावरचा मोठा काटा दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि मागच्याच गल्लीत राहणारा. मंजुषाची तब्येत विचारायला आला होता. मी त्याच्यापुढे बाजाराची सगळी कैफियत मांडली. तो दाढी खाजवत ऐकत राहिला.

"साहेब, वाळूक बजारात काहून शोधून राह्यले तुमी?"

"मग कुठं शोधू?"

"ते बिकतच नाही ना. कापसातलं वाळूक कोन बिकते? ते घरी येते. वानोळा राह्यते तो. माह्या घरी परवाच दोन आलते, लेकराईनं खाऊन बी टाकले." दाराशेजारच्या पाटीकडे त्याची नजर गेली आणि त्यानं ती मोठ्या सभ्यपणानं दुसरीकडे वळवली. "तुमच्या घरी... मतलब, तुमच्याकडं तं बंदच हाय ना."

अख्ख्या यवतमाळात त्या मोसमात वाळूक न येणारं एकच घर असेल तर ते माझं, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्या पाटीवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसत आलो होतो.

"आजकाल हायेच कमी," अब्दुल गनी म्हणाला. "फवारे मारमारून सगळं मरून गेलं. बाभुळगावच्या पुढं डोमाजी हाय, तुमच्या केंद्रावर कापूस आनते तो. त्याची घरवाली पंचफुलाबाई अजून पेरते. तिच्याकडं जा. माही घरवाली अकीला येऊन बसते भाभीपाशी."

डोमाजी! मी या डोमाजीचा कापूस दर वर्षी पाहत होतो आणि दर वर्षी फेअरमध्ये टाकत होतो, कारण तो दर वर्षी सकाळच्या दवातला वेचून आणायचा. अजून महिन्याभरात त्याची गाडी माझ्यापुढे उभी राहणार होती. आणि त्याच्या दारात जाऊन मी वाळूक मागायचं? मी आत पाहिलं. मंजुषा पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून होती आणि तरी तो हलत होता. मी पायात चपला घातल्या. पैसे देऊन घेऊ, असं मनाला समजावलं. विकत घेतलं की लाच होत नाही.

एसटीनं बाभुळगाव, तिथून एकाच्या सायकलवर मागे बसून गाव. सायकलवाल्यानं मला ओळखलं, हीच पंचाईत झाली. डोमाजीच्या दारात मी उतरेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की खरेदी सुरू व्हायच्या आधी ग्रेडर साहेब स्वतः गावात आले. मी खाटेवर बसतो न बसतो तोच माणसं जमली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा आनंद होता. आधी मला समजेना. मग मारोतराव नावाचे एक म्हातारे पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "बरं झालं साहेब, आले तुमी. आमी म्हणो, हा मानूस कवा लायनीवर येते का नाही. काय लागते ते सांगा. तूप हाय, कोंबडी हाय."

इतक्या वर्षांचा माझा स्वच्छ कारभार सायकलच्या एका फेरीत संपला होता, आणि लोक त्याबद्दल माझं अभिनंदन करत होते.

"मला काही नको!" मी ओरडलो. मग आवाज आपोआप खाली आला. "एक वाळूक पाहिजे. विकत."

डोमाजीनं बायकोकडे पाहिलं. पंचफुलाबाई उंबऱ्यात उभी होती, उंच, सावळी, हातात विळा. मी खिशातून पाकीट काढलं आणि तिचा चेहरा असा झाला की मी ते उघडायचं विसरलो.

"वाळकाचे पैसे?" ती म्हणाली. "आमी काय दुकान लावून बसलो का जी? आजवर या घरातून वाळूक इकलं नाही कोनं. ठेवा ते खिशात."

"मग मी घेऊ शकत नाही."

"मंग नका घेऊ."

झालं. तत्त्वाला तत्त्व भेटलं. मी पाकीट हातात धरून उभा. डोळ्यांपुढे तो हलणारा पेला. तत्त्व गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणालो आणि एवढ्या लोकांसमोर सांगून टाकलं, "बाई, माझी बायको जेवत नाही हो. टायफॉइड झालाय. काहीच खात नाही. डॉक्टर म्हणतात भरती करावं लागेल. फक्त वाळूक म्हणाली. मी बाजार पालथा घातला. मला दुसरं काही सुचत नाहीये."

पंचफुलाबाईच्या हातातला विळा खाली गेला.

"मंजुषाबाई बिमार हाये?"

मी चमकलो. "तुम्हाला नाव कसं माहीत?"

"नाव कसं माहीत म्हंजे? दर साल येतो ना आमी! मागच्या दारानं. औंदा बी दोनदा येऊन गेली मी. तुमी खुर्ची टाकून वट्यावर बसून राह्यता बंदूकवाल्यावानी. एक डाव तं अशी पळाली, चप्पल तथीच राह्यली माही. आमाले वाटलं, बाईची अन् तुमची कायतरी खटपट झाली, म्हणून पहारा बसवला."

मी खाटेवर बसलो.

"तुम्ही एकट्याच येता?"

"एकटी कायले? राळेगावाकडच्या दोघी येते, इथल्या तिघी. दुपारच्या एसटीनं. तुमी ऑफिसात असता तवा. अंबाडी, बरबटी, सोले, जे निघन ते. बाई बी कवा खाली पिशवी परत देत नाही. तुमी बजारातून आनता ना ती फुलकोबी, शिमला मिरची, ते घालून देते."

"ती फुलकोबी तुम्ही खाता?"

पंचफुलाबाई क्षणभर अडखळली. "चांगली राह्यते," ती म्हणाली.

"बकरीले लय आवडते," डोमाजी म्हणाला.

अंगणातलं कोणी हसलं नाही. एवढे ते लोक सभ्य. मी मात्र कपाळ धरून बसलो. ऑफिसात डबा उघडून मी ज्या पारखीची प्रवचनं दिली होती ती सगळी एकामागून एक आठवत होती. माझ्या बोटांनी निवडलेली भाजी बाभुळगावपुढची बकरी खात होती आणि मी कापसातली अंबाडी खाऊन मिशीला पीळ देत होतो. आणि त्याहून भयंकर गोष्ट पुढे उभी होती.

"म्हणजे इतकी वर्षं मी लाच खात होतो," मी म्हणालो.

पंचफुलाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग ती जी हसायला लागली ती विळा खाली ठेवून, कंबरेवर हात ठेवून.

"कायची लाच जी? दर साल वाळूक खाल्लं तुमी माह्या घरचं, अन् दर साल आमचा कापूस फेअरमधीच टाकला! अशी लाच कोनं पाह्यली का?"

आता अंगण हसलं. मारोतराव खोकला लागेपर्यंत हसले. मीही हसलो असेन, कारण डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि ते नक्की कशाचं हे मी तिथे तपासलं नाही.

"या वर्षी तुमची गाडी दुसऱ्या ग्रेडरकडे लावा," मी डोमाजीला म्हणालो. "मला आता ते जमायचं नाही."

"नका जी, साहेब," डोमाजी घाईनं म्हणाला. "तुमीच पाहा. दुसरा पैसे मागते. तुमी नुसतं फेअर म्हणता."

पंचफुलाबाई शेतात गेली. डोमाजीनं सगळीकडे बीटी लावली होती आणि पंप पाठीला अडकवून फवारणीही सगळीकडे केली होती, पण बांधालगतच्या तिच्या तासांना, म्हणजे तिनं पेरलेल्या ओळींना, त्यानं हात लावला नव्हता. तिथं फवारा मारला तर चूल पेटणार नाही, असं तिनं बजावलं होतं म्हणे. ती ओटीत वाळकं घेऊन आली. वास तिच्या आधी पोचला. मी हात पुढे केले तर तिनं ती माझ्या हातात दिली नाहीत. पिशवीत घातली, वर अंबाडीची जुडी ठेवली आणि तोंडाला गाठ मारली.

"हे तुमाले नाही, बाईले हाय. तुमी फक्त नेऊन द्या. अन् रस्त्यात उलटून पालटून पाहू नका. पाह्यची सवय लागली तुमाले."

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो. सगळी गाडी वासानं भरली. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून म्हणाली, "वानोळा चालला का जी?" मी हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, आणि काही झालं नाही. एसटी चालतच राहिली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अकीला उशाशी बसली होती. पिशवी उघडायच्या आधीच मंजुषानं मान वळवली. भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

अकीलानं वाळूक चिरलं, मीठ-तिखट लावलं. मंजुषानं एक फोड खाल्ली. मग दुसरी. तिच्या हनुवटीवरून रस ओघळला, तो तिनं मनगटानं पुसला आणि बांगड्या खळकन खाली आल्या. मी तिच्याकडे पाहत राहिलो, आणि अकीला पिशवी आवरायच्या निमित्तानं उठून गेली.

"पंचफुलाबाई भेटल्या," मी म्हणालो.

"हं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर मागच्या दारालाही पाटी लागली असती." तिनं आणखी एक फोड घेतली. "मी कोणाच्या कापसाबद्दल तुम्हाला एक शब्द बोलले कधी?"

"नाही."

"आणि त्यांनी मला कधी काही सांगितलं नाही. बाया येतात, बसतात, चहा होतो, सासरमाहेरचं बोलणं होतं. ताप आल्यापासून कोणी आलं नाही, अहो. मी पडल्या पडल्या बोळातले पाय ऐकायचे. पाय यायचे, आणि मग तुमचा आवाज यायचा." तिनं रस लागलेलं मनगट पदराला पुसलं. "एकटीला जेवण जात नव्हतं मला."

मी तिच्या शेजारी चोवीस तास बसलो होतो, आणि ती एकटी होती, ही गोष्ट मला गिळायला फार जड गेली. माणूस किती प्रेम करतो यापेक्षा कुठं बसून करतो याला किंमत आहे, एवढं त्या रात्री माझ्या डोक्यात शिरलं.

"उद्यापासून ऑफिसात जा," मंजुषा म्हणाली. "दुपारी तरी."

रजा तर अजून शिल्लक होती, आणि ऑफिसात गेलो असतो तर कशाला आलात म्हणून दहा जणांनी विचारलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधीच मी घरातून निघालो आणि खरेदी केंद्रावर जाऊन बसलो. केंद्र बंद. फाटकाला कुलूप, आतल्या ओट्यावर कापसाऐवजी गवत. मी बाहेरच्या दगडावर बसलो. ऊन बरंच होतं. बाभुळगावची दुपारची एसटी समोरून स्टँडकडे गेली. खिडकीत एका बाईच्या मांडीवर मोठी पिशवी होती. ती आमच्याकडेच चालली होती की आणखी कुणाकडे, ते मला कळलं नाही, आणि मी डोळे बारीक करून पाहिलंही नाही. घराकडे जावं, बोळाच्या तोंडाशी उभं राहून नुसतं ऐकावं, असं फार मनात आलं. मी दगड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात काट्याला तेलपाणी करायला अब्दुल गनी सायकलवरून आला. मला पाहून त्यानं ब्रेक दाबला.

"साहेब? केंद्र तं दिवाळीनंतर खुलते. तुमी इथं उन्हात कायले बसून राह्यले?"

"मंजुषा जेवून राह्यली," मी म्हणालो.